खांडी आणि कलम एकोणीस

तमागोन, इरावतीकाठ
१८ नोव्हेंबर

न्वे यिन,

फोन न करता पत्र का लिहितोय म्हणून नाक मुरडू नकोस. फोनवर तू कायम कुठल्यातरी बैठकीच्या दारात उभी असतेस आणि "हं दादा, हं दादा" करत भलतीकडेच बघत असतेस. पत्र निदान खाली बसून वाचावं लागतं.

काल सकाळी चिंचेच्या वळणाखाली एक डॉल्फिन मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, जाळ्याचा वळ नाही. आजूबाजूला बोटाएवढी मासळी पांढरं पोट वर करून तरंगत होती. म्हणजे विजेवाले. होडीत बॅटरी ठेवायची, दोन तारा पाण्यात सोडायच्या, कळ दाबायची. मोठी मासळी वर येते ती उचलायची आणि चालतं व्हायचं, मागे काय मेलं ते बघायलाही थांबत नाहीत. मी आधी त्याच्या पाठीवरचा पर चाचपून पाहिला. खाच नव्हती. आपली खांडी नव्हती म्हणून मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

खांडी तुला आठवत असेल. बाबांच्या शेवटच्या हंगामात ती आईच्या मागे फिरणारं पिल्लू होती आणि तू काठावरून तिला भाताचे गोळे फेकायचीस. ते ती कधीच खायची नाही आणि तू रडायचीस. आता ती स्वतःचं पिल्लू घेऊन माझ्या होडीपाशी येते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही होड्यांनी घेरून एका विजेवाल्याला पकडलं होतं. ठाण्यावर नेला. तिथं त्याला चिल्लर दंड झाला. आम्ही चहा पिऊन बाहेर येतोय तो हा गडी बॅटरी खांद्यावर टाकून आमच्या पुढे! वर मलाच म्हणतो, "काका, घाटापर्यंत सोडू का?"

तू कायदे लिहिणाऱ्या कचेरीत आहेस. गावात मी छाती फुगवून सांगतो, माझी बहीण कायदा लिहिते. आता लोक विचारायला लागलेत, मग कुठाय तो? तर लिही बाई एकदा. या लोकांना धाक बसेल असा लिही.

तुझी वहिनी म्या सेन म्हणते, तिनं पाठवलेलं मुरवलेल्या चहाच्या पानांचं लफेट संपलं का ते कळव. मी म्हटलं, तिला कायद्याचं विचारू दे आधी.

ऑन चो


नेपीडॉ
२ डिसेंबर

दादा,

लफेट संपलं. वहिनीला सांग, माझ्या टेबलाभोवती दुपारी जी गर्दी होते ती माझ्या हुशारीमुळे नसते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, खाली बसून. तुला माहीत नसेल, पण नव्या कायद्याचा मसुदा माझ्याच टेबलावर आहे. दुर्मिळ प्राणी आणि ते राहतात ती पाणी-जंगलं, दोन्हींसाठी एकच कडक कायदा. अडलंय ते समितीत. तिथले निम्मे सभासद डोंगराळ भागातले, त्यांनी डॉल्फिन चित्रातसुद्धा पाहिलेला नाही. मी सांगितलं की आमच्याकडे कोळी होडीच्या कडेला काठी ठोकतो, ती ऐकून रानटी डॉल्फिन येतात, मासळी हाकत होडीपाशी आणतात, शेपटीनं खूण करतात, आणि मग कोळी हातातली पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतो. तर एक सभासद म्हणाले, "बाई, सर्कशीतलं सांगताय का?" सगळे हसले. मीपण हसले, कारण न हसून कसं चालेल.

म्हणून एक सुचलं. आपण त्याची फिल्म करू. तुझी होडी, तुझी ठोक, खांडी आणि तिचं पिल्लू. पाच मिनिटांची. समितीला दाखवली की पुन्हा कुणी हसणार नाही. कचेरीचा कॅमेरावाला मी पाठवते. तू फक्त नेहमी करतोस ते कर.

फो सेन काका कुरकुर करतील, ठाऊक आहे मला. त्यांना म्हणावं, हे नदीसाठीच आहे.

तुझी न्वे यिन


तमागोन
२६ डिसेंबर

न्वे यिन,

कुरकुर? म्हातारा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुला वाटतं ते जुनाट माणसाचं खूळ आहे. पण त्यानंच मला नदीच्या देवापुढे बसवून, नारळ आणि केळीची फणी ठेवून बाबांची ठोक दिली होती, ते गेल्यावर. प्रत्येक होडीची ठोक निराळी, ती घरातल्याला द्यायची, पाण्याबाहेर ठोकायची नाही आणि ज्याचं पोट नदीवर नाही त्याच्यापुढे तर मुळीच नाही. लहानपणी तू माझ्या मागे लागायचीस तेव्हा तुलाही दिली नव्हती, आणि तू आईकडे जाऊन माझी चहाडी केली होतीस.

मी त्याला म्हटलं, "काका, ठोक जपून ठेवली आणि डॉल्फिन मेले, तर ती ठोक काय बाजारात विकायची?" तो म्हणाला, "दिलेली वस्तू परत मागता येते, ऐकलेली येत नाही." मग पानाची पिंक टाकून निघून गेला. मला राग आला. खरं सांगू, मला तुझी फिल्म करायची होती. बहीण राजधानीतून माणूस पाठवते, होडीत कॅमेरा ठेवते, याचा मला तोराही होता.

तुझा कॅमेरावाला आला. बिचारा पाण्याला घाबरतो, माझ्या खांद्याला धरूनच बसला होता. पहिल्यांदा आवाज नीट आला नाही म्हणाला, मग काठीजवळ ती माईकची केसाळ बोंडकी धरून मला पुन्हा ठोकायला लावलं. मग आणखी एकदा, अगदी सावकाश. खांडी प्रत्येक वेळी आली. तिसऱ्यांदा तर मासळी नव्हतीच, तरी आली. पिल्लू घेऊन होडीला चिकटून डोकं वर काढलं आणि बघत राहिली. मला तिला फसवल्यासारखं झालं म्हणून टोपलीतली मासळी तिला टाकली.

आता माझी एकच अट. कायदा हवा तेवढा कडक कर, पण आमच्या पागेला हात लावू नकोस. पाग म्हणजे विजेचा खेळ नव्हे. आम्ही पाण्यावर असतो म्हणून ते चोर दिवसा येत नाहीत. आम्हाला उठवलंस तर नदी त्यांना आंदण दिल्यासारखी होईल. हे मसुद्यात लिही आणि मला कळव.

ऑन चो


नेपीडॉ
९ मार्च

दादा,

काय सांगू तुला! फिल्म दाखवली तेव्हा खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. खांडीनं डोकं वर काढलं तेव्हा ते सर्कसवाले सभासद पुढे वाकून बघत होते, आणि शेवटी स्वतःहून म्हणाले, "हे जनावर वाचलंच पाहिजे." मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते. बाबा हवे होते.

आणि फिल्म आता सगळ्या देशभर फिरतेय. कुणीतरी फोनवर टाकली आणि लोक एकमेकांना पाठवतायत. मी खानावळीत मोहिंग्याच्या शेवया खात होते तर शेजारच्या टेबलावर तुझी ठोक वाजली! मी त्या मुलींना सांगितलं, हा माझा भाऊ. त्यांना खरं वाटलं नाही.

पागेचं कलम मसुद्यात घातलंय. माझ्या हातानं. "परंपरेने हातपाग वापरणाऱ्या कोळ्यांना हा मनाई हुकूम लागू नाही." झालं समाधान?

न्वे यिन


तमागोन
४ एप्रिल

न्वे यिन,

झालं. देव तुझं भलं करो. म्या सेननं लफेट, सुकी मासळी आणि आंबवलेल्या मासळीच्या ङापीचा डबा पाठवलाय. डबा बसमध्ये उघडला तर अख्खी बस रिकामी होईल, तेव्हा घरीच उघड.

इथं मी मोठा माणूस झालोय. घाटावरच्या चहाच्या टपरीत पोरं फोन काढून मलाच माझी फिल्म दाखवतात. खालच्या गावची दोन पोरं तर मुद्दाम विचारत आली, "काका, आधी सावकाश ठोकायचं आणि मग भराभर, की उलटं?" मी हसून म्हटलं, "फिल्ममध्ये आहे तसंच." एकानं टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. बरं जमलं होतं त्याला. फो सेन काका कोपऱ्यात बसले होते, चहा तसाच टाकून उठले. त्यांचं वय झालं, दुसरं काय.

कायदा कधी होतो ते सांग. त्या दिवशी घाटावर सगळ्यांना मोहिंगा माझ्याकडून.

ऑन चो


नेपीडॉ
११ जुलै

दादा,

कायदा झाला. काल सभागृहात मंजूर झाला.

शेवटच्या दिवसांत थोडी कलमं इकडची तिकडे झाली, तसं होतंच. तपशील भेटीत सांगेन. शिक्षा मात्र आम्ही म्हटली तेवढीच राहिली, कमी नाही. सगळे फार दमलो आहोत.

पावसात पाणी किती चढलंय? जपून राहा.

न्वे यिन


तमागोन
३० ऑक्टोबर

कायदेवाल्या बाईंना,

तपशील भेटीत सांगणार होतात. कष्ट घेऊ नका, आम्हाला पाटीनं सांगितला. घाटावर हिरव्या रंगाची मोठी पाटी ठोकली आहे. चिंचेच्या वळणापासून जुन्या पॅगोडापर्यंत सर्व प्रकारच्या जाळ्यांना मनाई. खाली चित्रं काढलीयत, अडाण्यांना कळावं म्हणून. एका चित्रात हातपाग आहे आणि तिच्यावर लाल फुली. दुसऱ्या चित्रात होडीच्या कडेला काठी ठोकणारा माणूस आहे, त्याच्यावरही फुली. तो माणूस कुणासारखा दिसतो माहितीये? माझ्यासारखा. तुझ्या फिल्मवरूनच काढलाय.

मी मोहिंगा घातला गं जुलैमध्ये सगळ्या घाटाला. लोकांनी बोटं चाटली. आता तेच लोक माझ्याकडे बघत नाहीत. परवा राखणदार आले आणि माझी पाग गुंडाळून घेऊन गेले. बाबांनी विणलेली. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय, पागेला सूट आहे. साहेब म्हणाला, "कुठं लिहिलंय, दाखव." त्याच्या मागे उभे असलेले सगळे हसले.

तुला जुलैमध्येच माहीत होतं ना?

ऑन चो


नेपीडॉ
१५ नोव्हेंबर

दादा,

हो. माहीत होतं.

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी पागेच्या कलमावर बोट ठेवलं. म्हणाले, ही पळवाट आहे. उद्या प्रत्येक विजेवाला होडीत एक पाग टाकून ठेवेल आणि परंपरेचा कोळी होईल. एक तर हे कलम काढा, नाहीतर मसुदा पुढच्या वर्षावर जाऊ दे. पुढचं वर्ष म्हणजे नवी समिती, नवे सभासद, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या वर्षभरात किती डॉल्फिन मेले असते? मी कलम सोडलं आणि कायदा वाचवला. तिथं बसून तूही तेच केलं असतंस.

तुला सांगायची हिंमत झाली नाही. हे चुकलं. पण कायदा चुकला असं मला वाटत नाही. शिकारीचा, त्रास देण्याचा, राहायच्या जागेचा, सगळ्याचा पहिल्यांदा नीट बंदोबस्त झालाय. दोन वर्षांनी दुरुस्ती येते, तेव्हा पागेचं पुन्हा मांडेन. तोवर राखणदारांत तुझं नाव घालायला मी लिहिलं आहे. गणवेश मिळेल, पगार मिळेल.

रागावून का होईना, पण लिही.

न्वे यिन


तमागोन
६ जानेवारी

न्वे यिन,

गणवेशाचं राहू दे. मोठ्या साहेबाच्या मेहुण्याला मिळाला तो. एक बोट आहे त्यांच्याकडे, ती घाटाला बांधलेली असते, तेल नसतं म्हणून. आम्ही पाण्यावरून उठलो आणि वळणापासून पॅगोडापर्यंत नदी मोकळी झाली. विजेवाले आता दिवसाढवळ्या येतात, धुकं असलं की झालं.

खांडीचं पिल्लू मेलं.

कसं ते नीट वाच. सोमवारी पहाटे मी घाटावर तोंड धूत होतो. धुक्यात काही दिसत नव्हतं. आणि नदीवरून ठोक ऐकू आली. माझी ठोक. दुसऱ्या कुणाची नव्हे, बाबांची, माझ्या होडीची, आधी सावकाश आणि मग भराभर. माझे हात थांबले. होडी तर माझ्या शेजारी उलटी पडलेली होती. मग खांडीच्या श्वासाचा फुसकारा ऐकू आला, एक, मग लहानसा दुसरा. मासळी उसळल्याचा आवाज. ती मासळी हाकत होती त्यांच्याकडे, न्वे यिन, मला आणून द्यावी तशी गोळा करून. आणि मग एकदम काहीच नाही. ओरडत पाण्यात शिरलो तेव्हा यंत्राचा आवाज लांब गेला होता.

यांना आता मासळी शोधायला लागत नाही. ठोकायचं, डॉल्फिन सगळी मासळी एका जागी आणून देतात, एकदा कळ दाबायची. पिल्लू दुपारी काठाला लागलं. खांडी वाचली, कशी ते देव जाणे. ती दिवसभर तिथंच घिरट्या घालत होती. तू त्या फिल्मच्या वेळी "नेहमी करतोस ते कर" म्हणालीस आणि मी केलं. दोघांनी मिळून केलं.

फो सेन काकांकडे गेलो. वाटलं शिव्या घालतील, निदान बरं वाटेल. त्यांनी नुसती चटई झटकून मला बसायला दिली.

ते पुन्हा येतील आणि ती पुन्हा जाणार. तिला काय माहीत. ती माझ्याकडेच जातेय.

मला एक सांग, आणि या वेळी काही लपवू नकोस. कुणी डॉल्फिनला मारलं, जिवे नाही, नुसतं वल्ह्यानं मारलं, तर तुझा कायदा काय म्हणतो?

ऑन चो


नेपीडॉ
१७ जानेवारी

दादा,

पिल्लाचं वाचून मी कचेरीतून घरी गेले. इतकंच लिहिते, बाकी लिहवत नाही.

पण तू विचारलंस ते योग्य विचारलंस, आणि याचं उत्तर देताना मला पहिल्यांदा बरं वाटतंय. कलम एकोणीस. संरक्षित प्राण्याला मारणं, जखमी करणं, हुसकावणं, बोलावून त्रास देणं, यांतलं काहीही केलं तरी थेट तुरुंग. जामीन नाही. जुन्या कायद्यात हे लोक "आम्ही मासळी धरत होतो, डॉल्फिन चुकून मध्ये आला" म्हणून सुटायचे, म्हणून मी त्यात चार शब्द घातले: "हेतू काहीही असला तरी." समितीत त्यावर दोन तास भांडले मी. आता कुणाचीही सबब चालणार नाही. वल्हं मारलेलं कुणी पाहिलं, फोनवर टिपलं, की झालं.

तेव्हा एकाला पकडा, दादा. एकच. पहिली शिक्षा झाली की बाकीचे आपोआप वठणीवर येतील. तुझ्यासाठी नाही म्हणत, खांडीसाठी.

न्वे यिन


मंडालेचा तुरुंग
२८ फेब्रुवारी

न्वे यिन,

एकाला पकडलं. मला.

तुला कुणी सांगण्याआधी मी सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी होडी सुलटी केली. म्या सेनला सांगितलं, तिनं शिदोरीला भात बांधून दिला. वळणावर गेलो आणि ठोकलं. खांडी आली. येणारच. डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं आणि मी वल्हं घातलं.

तुला वाटेल एकदाच मारलं. एका वेळेनं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी ठोकलं तर ती परत आली. जरा लांब थांबली, पण आली. तिला वाटलं असेल आदल्या दिवशी माझा हात चुकला. मग पुन्हा मारलं, जोरात. तिच्या सोबतच्या दोघांनाही. रोज जात राहिलो. रोज ठोकायचो आणि मनात म्हणायचो, येऊ नको, येऊ नको गं. आणि ती यायची. मी घरी येऊन जेवायचो नाही, तर म्या सेन ताट पुढे सरकवून म्हणायची, "उद्या पुन्हा हात चालवायचाय ना, खा."

शेवटी एक सकाळ अशी आली की मी ठोकलं आणि कुणी आलं नाही. सूर्य चांगला वर येईपर्यंत ठोकत राहिलो. नाही आली. मी होडीत बसून रडलो, आणि मग हसलो, की झालं काम. राखणदारांच्या बोटीला त्या आठवड्यात नेमकं तेल मिळालं होतं. त्यांनी आधीच्या दोन दिवसांचं लांबून फोनवर टिपलं होतं. माझी दुसरी फिल्म.

विजेवाल्यांनी परवा त्याच ठोकीनं अर्धी सकाळ घालवली म्हणे. म्या सेन भेटायला आली तेव्हा सांगत होती. एक डॉल्फिन फिरकला नाही.

ऑन चो


नेपीडॉ
१९ मार्च

दादा,

मी चांगला वकील बघितला आहे. त्यानं सांगितलंय, काही कबूल करू नकोस. तू तिला वाचवायला मारलंस, हे न्यायाधीशांपुढे मांडायचं. मी साक्षीला येते. ते चार शब्द मीच घातले आणि ते तुझ्यासारख्यासाठी नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. नोकरी गेली तर गेली. आणि इथं दुरुस्तीचा मसुदा मी कालच लिहायला घेतलाय, "सद्हेतूने केलेल्या कृत्याला अपवाद".

मी त्या पत्रात काय लिहिलं ते मला आता वाचवत नाही. तू मला विचारत होतास आणि मी तुला आनंदानं सांगत होते.

कृपा कर आणि वकिलाचं ऐक.

न्वे यिन


मंडालेचा तुरुंग
५ एप्रिल

न्वे यिन,

वकील भला माणूस आहे, पण मी त्याला परत पाठवला. काल कबूल केलं. तीन वर्षांची शिक्षा झाली.

तू दुरुस्तीचा मसुदा फाडून टाक. तू सद्हेतू लिहिलास की उद्या प्रत्येक विजेवाला कोर्टात उभा राहून सांगेल, साहेब, मी पण तिला घाबरवून वाचवतच होतो. माझी पाग काढलीस तेव्हा तू जे म्हणालीस तेच आहे हे. तेव्हा मला ते पटलं नव्हतं, अजूनही पागेपुरतं पटत नाही. पण इथं पटतं. तुझ्यावर माझा राग गेलेला नाही. तो असू दे, मला तीन वर्षं काहीतरी लागेल. पण कायद्याला माझ्यासाठी भोक पाडू नकोस.

विजेवाले अजून मोकळे आहेत. जमलं तर बोटीला तेल मिळेल असं काही कर. ते कुठल्या कलमात बसतं मला माहीत नाही.

ऑन चो


नेपीडॉ
१२ जून

दादा,

तेलाचं मंजूर झालं. दोन बोटींचं. बुधवारी त्यांनी तिघांना पकडलं, बॅटऱ्यांसकट. त्यांतला एक खालच्या गावचा आहे, टपरीत तुला भेटलेला असेल.

दुसरं सांगायचं आहे, आणि या वेळी तुला पाटीवरून कळू नये म्हणून आधीच सांगते. आमच्या खात्याचं मासिक निघतं. त्याचा नव्या कायद्यावर खास अंक निघाला. संचालकबाई म्हणाल्या, कलम एकोणीसखालची पहिली शिक्षा म्हणून तमागोनचा खटला छापायचा, आणि मसुदा मीच केला म्हणून टिपणही मीच लिहायचं. त्यांना ठाऊक नाही आपलं नातं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी तुला दारुडा, क्रूर, काहीही लिहिलं असतं. मी तुझं नाव घातलं नाही. "एक स्थानिक कोळी" एवढंच लिहिलं. आणि "सुदैवाने प्राण्याला कोणतीही इजा झाली नाही" असं लिहिलं. तेवढं तरी तुझ्यासाठी करता आलं.

त्या टिपणाबद्दल मला समारंभात ढाल दिली. फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवली आहे. अंक सोबत पाठवते. वाचू नये असं वाटलं तर वाचू नकोस.

न्वे यिन


मंडालेचा तुरुंग
३० जून

न्वे यिन,

अंक वाचला. इथल्या पहारेकऱ्यानंही वाचला, त्याला आवडला. तू चांगलं लिहितेस. नाव घातलं असतंस तरी चाललं असतं, खरंच आहे ते.

फक्त एक चुकलंय. इजा झाली. पहिल्या दिवशी ती नेहमीसारखी होडीला अंग लावून तोंड वर करून आली होती, त्यामुळे वल्हं थेट डाव्या डोळ्यावर बसलं. तो डोळा गेला. म्या सेननं परवा तिला पाहिलं, पलीकडच्या काठानं चालली होती, एकटीच. होडी दिसली की बुडी मारते आणि फार लांब जाऊन वर येते. श्वास घेतानासुद्धा डोकं पूर्ण काढत नाही.

माझ्या भल्यासाठी ते वाक्य घातलंस, कळलं मला. पण ते खोटं आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. इजा झाली, डावा डोळा गेला, आणि ती तिच्या ओळखीच्या माणसानं केली, एवढं लिही.

ऑन चो